पाटावरचे जोड

त्या मुलखात पाणी एकच होतं. डोंगराच्या माथ्याशी एका कपारीतून झरा निघायचा, दगडी पाटात पडायचा आणि टप्प्याटप्प्याने उतरत, वाटेतल्या सगळ्या वस्त्यांना पाजत, सर्वांत खालच्या डबक्यात जाऊन थांबायचा. वरच्या टप्प्यावर वानरं राहत, त्यांच्याखाली मुंग्या, मुंग्यांखाली सुगरणी, सुगरणींखाली मोर. अगदी शेवटी, जिथे डोंगर संपून चिखल सुरू होतो, तिथे बेडकांची वस्ती होती. पाट कुणी बांधला हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि तो वाहत होता तोवर ते विचारायची कुणाला गरजही वाटली नव्हती.

पाणी सगळ्यांचं सारखंच, हेच मात्र तिथल्या रहिवाशांना खुपायचं. वानरांच्या दारातून जे वाहतं तेच मुंग्यांच्या दारातून वाहणार असेल, तर पाहुण्यांनी वानरांकडेच का थांबावं? म्हणून प्रत्येक वस्तीने आपापल्या दारात पाटावर काही ना काही बसवून घेतलं होतं. त्याला ते जोड म्हणत. वानरांचा जोड म्हणजे रिठे घुसळणारं एक लाकडी चाक. पाण्याने ते फिरलं की फेसाचे मनोरे उठत आणि लांबून येणारा थबकून बघत राही. मुंग्यांनी चाळणी बसवली होती, कारण वरून येणाऱ्या कचऱ्याचा त्यांना तिटकारा होता. सुगरणींनी विणलेल्या नळीतून पाणी शीळ घालत जायचं. मोरांनी एक रुंद कुंड करून घेतलं होतं. त्याची तोटी मुद्दाम बारीक ठेवली होती, म्हणजे पाणी आत संथ उभं राहील आणि त्यात पिसारा नीट दिसेल. बेडकांचा जोड नव्हता. त्यांना पाणी हवं होतं, आणि ते येत होतं.

जोड बसवायला सुतारपक्षी येत. ते डोंगरापलीकडचे. बोलायला गोड, हाताला चलाख, आणि काम झालं की भुर्रकन उडून जाणारे. जोड बसवण्याचा मोठा सोहळा असे. पिंगळा मुहूर्त काढून देई, वस्तीचा म्होरक्या जोडावर हात ठेवी, हळद लागे आणि मग सुतार शेवटची खुंटी ठोके. काढण्याचा मात्र काही विधीच नव्हता. बसवलेली वस्तू कुणी काढेल, अशी कल्पनाच तिथे कुणी केली नव्हती. दुरुस्तीसाठी उचलायची वेळ आलीच, तर म्होरक्याने तिच्यावरचा हात सोडायचा नाही, एवढा दंडक होता. हात असेपर्यंत जोड बसलेलाच आहे असं मानलं जाई आणि तो तसाच पुन्हा ठेवता येई. हात सुटला, की नवा मुहूर्त.

या सगळ्या पाटावर देखरेख करायला एक पाटकरी होता. रखमाजी त्याचं नाव. जातीने ऊद, म्हणजे पाणमांजर. पाण्यात तरबेज, जमिनीवर जरा फेंगडा, आणि स्वभावाने तापट. पाट वाहता असला की वस्त्यांना रखमाजी आठवत नसे. पाट अडला की दुसरं कुणी आठवत नसे. चाक कुरकुरलं, रखमाजी. चाळणीत पान अडकलं, रखमाजी. शीळ अर्ध्या सुराने उतरली, तरी रखमाजी. जोड बसवताना मात्र त्याला कुणी विचारत नव्हतं. हळदीची बोटं पुसून झाली की निरोप यायचा, नवा जोड बसवलाय, जरा लक्ष ठेव.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला सुतार न बोलावता आले. जोडांमध्ये सुधारणा करायच्या आहेत म्हणाले. वानरांच्या चाकाला त्यांनी जास्तीची पाती लावली, म्हणजे फेस दुप्पट निघेल. मुंग्यांच्या चाळणीची भोकं आणखी बारीक केली. रखमाजी काठावर उभा राहून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "एक सुधारणा करा, चार दिवस पाणी कसं जातंय ते बघू द्या, मग दुसरी करा."

थोरला सुतार मान तिरकी करून हसला. "आम्ही काय आज हे काम करतोय का, पाटकरी?" म्हणाला, आणि टकटक करत पुढे गेला. संध्याकाळपर्यंत सगळे उडून गेले होते. वस्त्यांमध्ये आनंदीआनंद होता. फेस खरोखरच दुप्पट झाला होता.

काही दिवसांनी भिवरा वर आली. ती बेडकांची म्होरकी. बोलायला कमी आणि गाऱ्हाणं घेऊन येणारी तर मुळीच नव्हे. इतक्या वर्षांत ती कधी डोंगर चढून आली नव्हती. रखमाजीच्या बिळापाशी बसून ती आधी बराच वेळ धापा टाकत राहिली.

"पाणी येत न्हाई, रखमाजी," ती म्हणाली. "थेंब थेंब येतंय. डबकं आटत चाललंय."

"बघतो उद्या."

"उद्या बघ, पण बघच. पोरं अजून शेपटाचीच हायती. पाय फुटले असते तर उचलून कुठं तरी नेली असती. बिनपायाची पोरं चिखलात किती दिवस जगतील, तूच सांग."

रखमाजीने उद्यावर टाकलं नाही. तो तिच्याबरोबरच खाली उतरला. डबक्याच्या कडेला चिखल सुकून त्याला भेगा पडायला लागल्या होत्या. मधे जे पाणी उरलं होतं त्यात काळी इवली पिल्लं एकमेकांना रेटत वळवळत होती. काठाची जागा दर दिवशी आत सरकत होती आणि पिल्लांना ते कळत होतं, कारण ती सगळी मधोमध गोळा झाली होती. रखमाजीला ते बघवेना. त्याने भिवराला शब्द दिला, की पिल्लांना पाय फुटेपर्यंत या डबक्यात पाणी राहील. शब्द देऊन झाल्यावर त्याला वाटलं, आपण हे फार घाईने बोललो.

खालून वर चढत तो पहिल्यांदा मोरांकडे गेला. मोरांचा म्होरक्या दौलतराव. तो कुंडाच्या काठावर उभा राहून मान वळवून वळवून स्वतःला बघत होता.

"पाणी?" दौलतराव म्हणाला. "आमच्याकडे तर काठोकाठ आहे. बघा की."

रखमाजीने पंजा बुडवून पाहिला. पाणी कोमट होतं आणि तळाला शेवाळ धरलं होतं. "हे कधीचं पाणी आहे, दौलतराव? हे आजचं नाही. हे साचलेलं आहे."

"असेल. पण आहे ना?" दौलतराव म्हणाला. "माझा चेहरा मला दिसतो आहे. यापेक्षा पाण्याने आणखी काय करायचं असतं?"

सुगरणींकडे शीळ क्षीण ऐकू येत होती. त्या मात्र खुश होत्या. हल्ली सूर फार नाजूक लागतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्याच्या वर मुंग्यांच्या दारात पाट तुडुंब भरला होता. भरून कडेवरून सांडत होता आणि ते सगळं पाणी झुडपांमध्ये वाहून चाललं होतं. मुंग्यांची कारभारीण गिरजा चाळणीच्या काठावरून येरझाऱ्या घालत होती. रखमाजीने सांडणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे पाणी कमी नाही, हे सिद्ध झालं," गिरजा म्हणाली. "आमच्या चाळणीतून कचरा खाली जात नाही. तेवढंच तिचं काम आणि ती ते चोख करते. पाण्याचं तुम्ही वरच्यांना विचारा."

वरची म्हणजे हौसाक्का, वानरांची म्होरकी. तिच्या अंगणात फेसाचा मनोरा झाडाच्या फांदीला टेकला होता आणि पोरं त्यात उड्या मारत होती. "आमच्याकडून तर पाणी धो धो जातंय," ती म्हणाली. "खाली पोचत नसेल तर खालच्यांचाच काही तरी घोळ असणार. बेडकांनी नीट उतार ठेवलाय का डबक्याला?"

रखमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्याकडे काहीच बसवलेलं नव्हतं, त्यांच्यातच खोट निघत होती. पण पाटकऱ्याला रागावून भागत नाही. त्याने सगळ्या म्होरक्यांना पाटावर बोलावलं आणि हात जोडून सांगितलं, की दोष कोणत्या जोडात आहे हे मला ठाऊक नाही, पण जाणून घ्यायचा मार्ग सोपा आहे. सगळ्यांनी एकाच वेळी आपापला जोड उचला. हात ठेवूनच उचला. पाट मोकळा वाहू द्या. मग एकेक परत ठेवत जाऊ. ज्याच्या ठेवण्याने पाणी अडेल, तो.

मग सगळे एकदम बोलू लागले. सगळ्यांनी एकदम उचलायचं म्हणजे काय? ज्यांचा दोष नाही त्यांनी का उचलायचं? तेवढ्यात कुणी पाहुणे आले, तर त्यांना नुसता पाट दाखवायचा का? हौसाक्काने तर पदर खोचून विचारलं, की गेली कितीतरी वर्षं आपला जोड चालतो आहे, तो आजच कसा बिघडेल? रखमाजीने सुधारणांची आठवण करून दिली. त्यावर ती म्हणाली, की सुधारणेने कधी काही बिघडतं का?

दिवसभर वाद घालून शेवटी एवढंच ठरलं, की एका वेळी एकानेच आपला जोड उचलावा, पाणी येतंय का पाहावं आणि परत ठेवावा. रखमाजीने कपाळाला हात लावला. पण काहीच न होण्यापेक्षा हे बरं, म्हणून त्याने ते मान्य केलं. भिवरा खाली डबक्याच्या तोंडाशी बसणार होती. पाणी आलं की ती ओरडणार होती.

आधी चाक उचललं. वानरांनी ते धरून ठेवलं, हौसाक्काचा हात त्यावर. फेस थांबला. खालून आवाज आला नाही. थोड्या वेळाने हौसाक्काचा हात भरून आला आणि तिने चाक परत ठेवायला लावलं. "बघितलं? आमचं नाही," ती म्हणाली. मग चाळणी उचलली. मुंग्यांची रांगच्या रांग तिला खांदा देऊन उभी राहिली आणि गिरजा वर बसून राहिली. तुंबलेलं पाणी धाडकन खाली गेलं. रखमाजी उड्या मारत त्याच्यामागे धावला. पाणी मोरांच्या कुंडात शिरलं, कुंड भरून वाहिलं, आणि ते सगळं बाजूच्या काटेरी घळीत उतरून गेलं. खालून आवाज आला नाही. तो परत वर पोचेपर्यंत मुंग्यांनी चाळणी ठेवलीही होती. सुगरणींची नळी उचलली, तिने काहीच फरक पडला नाही. शेवटी मोरांनी कुंड कलतं केलं, तेव्हा त्यातलं साचलेलं पाणी त्याच काटेरी घळीत ओतलं गेलं. पण वरून चाळणीतून येत होती ती एक सुतळीएवढी धार, ती मधल्या दगडांतच जिरली.

परीक्षा संपली. सगळे जोड निर्दोष ठरले. वस्त्यांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी आपापल्या जोडांना पुन्हा हळदीची बोटं लावली. आणि जोडांत दोष नाही म्हटल्यावर दोष कुठे असणार, हे ठरायला फार वेळ लागला नाही. दौलतराव सभ्यपणे म्हणाला, की पाटकऱ्याचं वय झालं आहे. गिरजा म्हणाली, की देखरेख म्हणजे नुसतं धावणं नव्हे. रखमाजी हे ऐकत होता आणि त्याचं लक्ष डोंगराखाली होतं. तिथे भिवरा अजूनही तोंड वर करून बसली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की परीक्षा संपली.

दुसऱ्या दिवशी त्याने पाय न वापरता पोट वापरलं. झऱ्याच्या तोंडापासून तो पाटात उतरला आणि पाण्याबरोबर, तळाला अंग घासत, सावकाश खाली आला. चाकाच्या खाली त्याच्या पोटाला बुळबुळीत काहीतरी लागलं. रिठ्यांचा लगदा. दुप्पट फेस म्हणजे दुप्पट लगदा, आणि तो फेसाखाली दिसत नव्हता. चाळणीपाशी हाच लगदा बारीक भोकांवर लिंपल्यासारखा बसला होता, आणि खरवडला तरी वरून नवा येऊन लगेच बसत होता. सुधारणेआधी सुटलेला थोडा लगदा मोठ्या भोकांतून खाली उतरला होता, आणि वरची धार आटल्यावर तो मोरांच्या बारीक तोटीत घट्ट बसला होता. पाट एका जागी अडलेला नव्हताच. तो दोन जागी अडला होता. चाळणी उचलली तर तोटी बंद, तोटी मोकळी केली तर वर चाळणी बंद, आणि नुसतं चाक थांबवलं तर जुना लगदा जागच्या जागी. एकेक उचलून हे कधीच दिसणार नव्हतं.

रखमाजीला इतका आनंद झाला, की तो ओल्या अंगानेच हौसाक्काकडे गेला. मग गिरजाकडे. मग दौलतरावांकडे. प्रत्येकाला त्याने लगदा दाखवला. प्रत्येकाने तो लांबूनच पाहिला. हौसाक्का म्हणाली, "रिठ्याला लगदा असणारच. तो अडतो तो चाळणीत." गिरजा म्हणाली, "चाळणी अडवणारच. अडवायला काही येऊ नये, एवढंच वरच्यांनी बघावं." दौलतराव म्हणाला, की तोटी बारीक नसेल तर पाणी हलेल, आणि पाणी हललं तर कुंडाला काय अर्थ?

मग थोरल्या सुताराला सांगावा धाडला. तो आला, त्याने तीनही जोड ठोकून पाहिले आणि कान लावून ऐकले. "तिन्ही उत्तम आहेत," तो म्हणाला. "माझा जोड एकटा बसवून बघा, वर्षानुवर्षं तक्रार येणार नाही."

"पण ते एकटे नाहीत. एकाच पाटावर आहेत."

"ते माझ्या कामात येत नाही, पाटकरी," सुतार म्हणाला, आणि उडून गेला.

रखमाजी पाटाच्या काठाने खाली निघाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला राग येण्याचाही कंटाळा आला. सगळे खरं बोलत होते, हेच त्याला सहन होत नव्हतं. खाली डबक्यात आता भाकरीच्या तव्याएवढंच पाणी उरलं होतं. पिल्लांच्या अंगाला मागच्या बाजूला दोन बारीक गाठी आल्या होत्या. भिवरा म्हणाली, की त्याच गाठींतून पाय निघतात, थोडे दिवस मिळाले पाहिजेत. ती मागत नव्हती. नुसतं सांगत होती. तेच रखमाजीला जास्त लागलं.

तो पिंगळ्याकडे गेला. पिंगळा आपल्या ढोलीत डोळे अर्धवट मिटून बसला होता.

"मुहूर्त हवाय?" त्याने विचारलं.

"हवाय असं नाही. पण जोड बसवायचा झाला तर पुढचा मुहूर्त कधी आहे?"

पिंगळ्याने मान पूर्ण वळवून घेतली, पुन्हा समोर आणली. "उद्या अवस. अवसेनंतर चंद्र अर्धा होईस्तोवर खुंटी ठोकायची नसते. का, कुणाला नवा जोड करायचाय?"

"नाही," रखमाजी म्हणाला. "बसवायचं कुणालाच काही नाही."

अवसेच्या दिवशी ऊन असं काही तापलं, की दुपारी डोंगरावर एक जीव हलेना. वानरं फांद्यांवर आडवी झाली होती, मुंग्या बिळांत, सुगरणी घरट्यांत, मोर करवंदीच्या जाळीत. रखमाजी सरळ पाटाने वर गेला. चोरासारखा नाही गेला, नेहमीच्या चालीने गेला. त्याने चाकाच्या खुंट्या दातांनी ओढल्या आणि चाक उचलून वानरांच्या अंगणात सावलीला ठेवलं. चाळणी काढून मुंग्यांच्या दारात उभी केली. नळी सुगरणींच्या झाडाच्या बुंध्याशी गुंडाळून ठेवली. कुंड त्याला एकट्याला उचलेना. त्याने ते कलतं केलं, शेवाळाचं पाणी ओतून दिलं आणि ओढत ओढत काठावर आणलं. एकही जोड त्याने मोडला नाही. एकाही जोडावर कुणाचा हात नव्हता. मग पाटाच्या तळाशी साचलेला सगळा लगदा त्याने पंजांनी खरवडून बाहेर फेकला.

पाणी सुटलं.

ते पहिल्यांदा घाण आलं, मग गढूळ आलं आणि मग स्वच्छ आलं. रखमाजी त्याच्याबरोबर खाली घसरत गेला. वाटेत कुठे शीळ नव्हती, फेस नव्हता, काही नव्हतं. नुसतं पाणी दगडावरून जात होतं आणि त्याचा जेवढा होतो तेवढा आवाज होत होता. डबक्यात ते पोचलं तेव्हा भिवरा पिल्लांच्या मधोमध बसली होती. अंगावर पाणी आल्यावर ती जागची उठली नाही. तिने फक्त डोळे मिटून घेतले. रखमाजी काठावरच्या ओल्या होणाऱ्या भेगांत आडवा पडला आणि रडला. त्याला त्याची लाज वाटली नाही.

वस्त्यांना जाग आली ती शांततेने. चाक बंद, शीळ बंद. म्होरके धावत पाटावर आले आणि जे दिसलं ते पाहून हादरले. पाट उघडा पडला होता. हौसाक्काने आधी आपलं चाक पाहिलं, ते धड होतं. त्यामुळे तिचा संताप आणखी वाढला. ताबडतोब सगळं परत बसवा, असा हुकूम सुटला. पण हात सुटलेले होते. पिंगळ्याला बोलावलं. त्याने चंद्राचं गणित सांगितलं, आणि तो काही कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हता. मग पाटकऱ्याला शिक्षा द्यायचं ठरलं. पण कोणत्या गुन्ह्याची? जोड काढू नये असा दंडक कुठेच नव्हता. काढण्याबद्दल तिथे कुणी कधी एक शब्दही बोललं नव्हतं.

ते दिवस वस्त्यांनी कसेबसे काढले. पाहुणे थांबत नाहीत अशी ओरड झाली. खरं तर पाहुणे थांबत होते, पाणी पीत होते आणि पुढे जात होते. पण कुणी थक्क होत नव्हतं, याचं सगळ्यांना दुःख होतं. वानरांच्या एका पोराने पाटाला तोंड लावलं आणि विचारलं, की पाण्याला आता रिठ्याची चव का नाही? हौसाक्काने त्याला दटावून गप्प केलं. दौलतराव रोज कुंडाजवळ जाऊन उभा राहायचा आणि रिकामं कुंड पाहून परतायचा. रखमाजीशी कुणी बोलत नव्हतं. तो रोज एकदा पाटाने वर जायचा, एकदा खाली यायचा. करण्यासारखं काही नसायचं. पाट वाहत होता.

डबक्यातल्या पिल्लांच्या गाठींचे पाय झाले. आधी मागचे, मग पुढचे. शेपट्या आखडू लागल्या. एक दिवस एक पिल्लू चिखलावर चढलं, उडी मारायला गेलं आणि तोंडावर पडलं. भिवरा हसली. रखमाजीने तिला हसताना कधी पाहिलं नव्हतं.

अर्ध्या चंद्राच्या आदल्या दिवशी थोरला सुतार आला, आणि या खेपेला त्याने सगळ्या वस्त्यांच्या म्होरक्यांना एकत्र बसवलं. तो म्हणाला, तुमचे जोड चांगले आहेत. तुमच्यात भांडण लागलं ते पाटकऱ्यामुळे. त्याला राग येतो, त्याला शंका येतात, तो उठसूट तुमच्या दारात येतो. मी तुम्हाला असा एक जोड देतो, जो सगळ्या जोडांवर लक्ष ठेवील आणि कधी तक्रार करणार नाही. मग त्याने सोबत आणलेल्या एका वस्तूवरचं कापड काढलं. आत शिसवी लाकडाचा ऊद होता. हुबेहूब रखमाजी, फक्त कपाळावर आठी नव्हती. पोटाखाली पाण्यात फिरणारं एक पातं होतं, आणि ते फिरलं की मान वरखाली व्हायची.

म्होरक्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ही पहिली गोष्ट होती, जी सगळ्यांना एकदम आवडली.

रखमाजीला निरोप गेला, की यापुढे येण्याची गरज नाही. निरोप देणारी सुगरण ओशाळली होती, म्हणून त्यानेच तिला काही गोड बोलून परत पाठवलं. मग तो डबक्यावर गेला. भिवरा पिल्लांना काठावर घेऊन बसली होती. ती सगळी आता बेडकं दिसत होती, शेपटाचं नुसतं टोक राहिलं होतं.

"उद्या सगळं परत बसवणार आहेत," रखमाजी म्हणाला. "रिठे, चाळणी, तोटी. सगळं तसंच."

"कळलं," भिवरा म्हणाली. "आता पाय आलेत."

दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर खुंट्या ठोकल्या गेल्या. चाक फिरलं, फेस चढला, शीळ वाजली, कुंड भरलं आणि संथ झालं. झऱ्याच्या तोंडाशी, सगळ्यांच्या वर, लाकडी ऊद बसवला आणि त्याला सर्वांत जास्त हळद लावली. तिथे झऱ्याचं पाणी कपारीतून थेट पात्यावर पडत होतं. ते कधी थांबणार नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी म्होरके वर जातात. हौसाक्का विचारते, "सगळं ठीक?" आणि लाकडी ऊद मान हलवतो. गिरजा विचारते, पाणी शेवटपर्यंत जातंय ना, आणि तो मान हलवतो. दौलतराव काही विचारत नाही, नुसता नमस्कार करतो. तरीही मान हलतेच. मग सगळे समाधानाने खाली उतरतात, मोरांच्या कुंडापर्यंत. त्याच्या पलीकडे जाण्याचं कुणाला काही कारण पडत नाही.

तिथून खाली पाट कोरडा आहे. डबक्याचा चिखल वाळून कडक झाला आहे, आणि तो ओला होता तेव्हा उमटलेली इवली इवली पावलं त्यात तशीच राहिली आहेत. ती सगळी डोंगराकडे पाठ करून गेली आहेत. त्यांच्या शेजारून, जरा फेंगडी, बोटांमध्ये पडदा असलेली मोठी पावलं गेली आहेत.